परभाषेतील म्हणी आणि त्यांचे अर्थ
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



महाराष्ट्रातील शाळांतून २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जाऊ लागला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकावर एक नवी जबाबदारी येऊन पडली. अक्षरे, शब्द, लहान वाक्ये येथपर्यंत मार्ग सरळ असतो. पुढे म्हणी व वाक्प्रचार लागले की तो अडखळतो. मग फळ्यावर दोन रकाने आखले जातात. एकात इंग्रजी म्हण आणि दुसऱ्यात तिची मराठी ‘जोडी’. मुले ती जोडी पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळवितात. तथापि त्या दोन रकान्यांमध्ये जी समानता गृहीत धरलेली असते ती पुष्कळदा खोटी असते. मुलाला इंग्रजी म्हण कळत नाही ती नाहीच. वर त्याची स्वतःची मराठी म्हणही त्या जोडीपायी वाकडी होते. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही म्हणूनच त्याचा विचार अगत्याने करावयास हवा.

ह्या विचारासाठी इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच भाषा घेतली आहे. प्राथमिक शाळेत फ्रेंच शिकवावयाची नाही हे उघड आहे. परंतु एकाच अनुभवाला दोन शेजारणींनी दिलेली दोन रूपे समोर आली म्हणजे तिसरीला आपले रूप नीट दिसू लागते. शिवाय १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर काही शतके तेथील दरबारात व न्यायालयांत फ्रेंचचा अंमल होता. इंग्रजीच्या घरात त्यामुळे फ्रेंच सामान पुष्कळ आहे, आणि त्यातले काही ओळखू येणार नाही इतके झिजलेले आहे.

‘करी फेवर’ हा वाक्प्रचार त्याचा नमुना म्हणून घ्यावा. अर्थ असा की, खुशामत करून मर्जी संपादन करणे. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ‘करी’ म्हटल्याबरोबर रस्सा आठवतो, आणि कोणाला तरी चांगला रस्सा वाढून खूष करणे असा अर्थ तो लावतो. अर्थ जवळपास बरोबर येतो, हीच खरी फसगत. येथील ‘करी’ म्हणजे घोड्याला खरारा करणे, आणि ‘फेवर’ हा मुळात ‘फोव्हेल’ नावाचा पिंगट घोडा. चौदाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ह्या फोव्हेलवर एक उपहासकाव्य रचले गेले. राजापासून धर्मगुरूंपर्यंत सारी प्रतिष्ठित मंडळी त्या घोड्याला खरारा करावयास धावत आहेत असे त्यात दाखविले आहे. त्याच्या नावातील एकेक अक्षर एकेका दुर्गुणाचे आद्याक्षर होते: खुशामत, लोभ, नीचपणा, चंचलपणा, मत्सर आणि भेकडपणा. फ्रेंच वाक्प्रचार इंग्रजीत आला. काळाच्या ओघात इंग्रजांना घोडा आठवेना, म्हणून त्यांनी ‘फोव्हेल’च्या जागी ओळखीचा ‘फेवर’ बसविला. मराठीत ह्यास ‘गोंडा घोळणे’ म्हणतात. तेथे घोड्याऐवजी शेपूट हालविणारा कुत्रा आहे. दोन्हींत प्राणी आहे, परंतु एकात खुशामत करणारा मनुष्य मोतद्दार आहे आणि दुसऱ्यात तो स्वतःच कुत्रा झाला आहे. मराठी अधिक निष्ठुर आहे असे म्हणावयास हरकत नाही.

पावसाविषयी फार बोलावयाचे कारण नाही. आपल्याकडे मुसळधार पडतो, फ्रान्समध्ये दोरखंड किंवा परशू लावलेले भाले पडतात आणि इंग्लंडात मांजरे व कुत्री. पहिल्या तिन्हींत वरून सरळ खाली येणारी लांब वस्तू आहे. इंग्रजांची मांजरे कोठून आली ते मात्र निश्चित सांगता येत नाही. गवती छपरावर निजलेली जनावरे पावसाने घसरून पडत, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिला आधार नाही, तेव्हा वर्गात सांगू नये. एवढे खरे की, जोनाथन स्विफ्ट ह्या लेखकाने १७३८ साली उच्चभ्रू मंडळींच्या गुळगुळीत संभाषणाची थट्टा केली तेव्हा तो वाक्प्रचार तीत घातला होता. म्हणजे तो त्या वेळीही शिळा झालेला असावा.

आता जोड्यांकडे वळू या. ‘ए रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस’ ही म्हण फ्रेंचमध्ये जशीच्या तशी आहे. दोघींचे मूळ लॅटिन व ग्रीक परंपरेत सापडते. इरॅस्मस ह्या पंडिताने १५०० सालापासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या म्हणींच्या संग्रहात तिची नोंद घेतली आहे. गडगडत्या दगडावर शेवाळ धरत नाही, असा तिचा शब्दार्थ. कोकणातील मुलाला हे वाक्य द्यावे आणि विचारावे, शेवाळ न धरणे चांगले की वाईट? पावसाळ्यात जांभ्याच्या पायरीवरून जो एकदा घसरला आहे तो क्षणाचाही विलंब न लावता ‘चांगले’ म्हणेल. अर्थ तर नेमका उलटा आहे. म्हण जुळविणाऱ्यांच्या मते ते हिरवे मखमली आवरण म्हणजे साठलेली संपत्ती, रुजलेले नाते, स्थैर्य. जो एका जागी टिकत नाही त्याला ते लाभत नाही. गंमत अशी की, खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही आज मतभेद आहे, आणि जो हलता राहतो त्याला गंज चढत नाही असा स्तुतीपर अर्थ घेणारेही पुष्कळ आहेत. तेव्हा कोकणातल्या त्या मुलाला चूक ठरवून खाली बसविणे योग्य होणार नाही. पुस्तकांतून हिच्यासमोर ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण दिलेली आढळते. ती अगदीच गैर नाही. परंतु चिंध्या गोळा करणाराजवळ निदान भाराभर काही असते, दगडाजवळ काहीच नसते.

पाकोळीच्या म्हणीत याहून मोठा घोटाळा आहे. इंग्रज म्हणतो, एक पाकोळी दिसली म्हणून उन्हाळा आला असे होत नाही. फ्रेंच मनुष्य तेच म्हणतो, फक्त उन्हाळ्याच्या जागी वसंत ऋतू घालतो. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात हा विचार आला आहे आणि तेथेही वसंतच आहे. युरोपातील पाकोळ्या हिवाळा आफ्रिकेत काढतात. त्या फ्रान्सच्या दक्षिण भागात मार्चच्या सुमारास व इंग्लंडात एप्रिलमध्ये परततात. महिनोन्‌महिने थंडीने गारठलेल्या लोकांना त्यांचे दर्शन हा उबेचा पहिला निरोप वाटतो, आणि म्हण त्यांना सांगते, घाई करू नका. आता हाच पक्षी महाराष्ट्रात केव्हा येतो? पावसाळा सरल्यावर. तारांवर ओळीने बसलेल्या ह्या पाकोळ्या, ज्यांना माळभिंगरी असेही म्हणतात, आपल्याकडे हिवाळ्याच्या पाहुण्या आहेत. ऊन तापू लागले की त्या उत्तरेस निघून जातात. म्हणजे ‘एका पाकोळीने उन्हाळा होत नाही’ असे भाषांतर केले तर पक्षीही चुकला आणि ऋतूही. शिवाय विहिरी आटण्याच्या ऋतूची वाट कोण पाहणार? इंग्रजाचा उन्हाळा हा सुखाचा काळ आहे, मराठवाड्यातील मुलाचा नाही.

ह्या म्हणीसमोर मराठी रकान्यात काय लिहावे? येथे शिक्षकाने थोडे थांबावे, कारण मराठीत प्रथम आठवते ती म्हण तिच्या विरुद्ध दिशेची आहे. शितावरून भाताची परीक्षा होते असे आपण म्हणतो. एका पाकोळीवरून ऋतूची होत नाही असे ते म्हणतात. मग खरे कोण? दोघेही. एकाच भांड्यातील, एकाच विस्तवावर शिजलेला भात सर्वत्र सारखा असतो, म्हणून एक शीत पुरते. पाकोळी मात्र थव्यापासून सुटून आधी आलेली असू शकते. पाचवीच्या वर्गात एवढाच प्रश्न विचारावा की, कोणत्या गोष्टी भातासारख्या असतात आणि कोणत्या पाकोळीसारख्या? एका मुलाच्या वागण्यावरून सारे गाव ओळखता येईल काय? दोन रकाने भरून जे साधले नसते ते ह्या एका प्रश्नाने साधेल.

प्राण्यांच्या कथांतून आलेल्या म्हणी शिकविणे सोपे जाते, कारण कथा तिन्ही भाषांत फिरलेल्या आहेत. फ्रेंच कवी ला फोंतेन ह्याने आपल्या बोधकथांचा पहिला संग्रह १६६८ साली व दुसरा १६७८ साली प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या प्रास्ताविकात त्याने पिल्पे ह्या भारतीय ज्ञात्याचे ऋण मान्य केले आहे. पिल्पे म्हणजे पंचतंत्राच्या परदेशगमनात प्रसिद्धी पावलेले नाव. दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट तर महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. एक झाडावर चढतो, दुसरा मेल्याचे सोंग घेतो, अस्वल त्याच्या कानाशी लागते. संकटात टाकून जाणारा मित्र खरा नव्हे, हे तात्पर्य आपल्याकडे रूढ आहे. ला फोंतेनच्या कथेत हे दोघे अस्वल मारण्यापूर्वीच त्याच्या कातड्याचा सौदा करून आलेले आहेत, आणि अस्वल कानात सांगते ते मैत्रीविषयी नव्हे, तर सौद्याविषयी. फ्रेंच म्हण तीच आहे: अस्वल मारण्यापूर्वी कातडे विकू नये. इंग्रज त्या जागी अंड्यातून बाहेर न आलेली पिल्ले मोजू नका म्हणतो. मराठीत ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’. तिघांतही वस्तू हातात नाही. परंतु फ्रेंच म्हणीत लोभ आहे, इंग्रजीत हिशेब आहे आणि मराठीत भांडण आहे. तुरी अजून बाजारात असताना घरात मार बसतो, हा विनोद दुसऱ्या कोणाला सुचला नाही. ही जोडी मात्र निःशंकपणे फळ्यावर लिहावी.

सिंहाच्या वाट्याविषयी सावध राहावे. मूळ कथेत शिकारीचे चार वाटे होतात आणि चारही सिंह घेतो. फ्रेंच व इंग्रजी वाक्प्रचारांत त्या बळजबरीचा वास अद्याप आहे. मराठीत हा वाक्प्रचार आला आणि सद्गुणी झाला. शाळेच्या यशात अमक्यांचा सिंहाचा वाटा आहे, असे वार्षिक समारंभात आपण आदराने म्हणतो. मराठीत ते चूक नाही, शब्द नव्या घरी नवे वळण घेतातच. पण तेच वाक्य इंग्रजीत शब्दशः नेले तर सत्कारमूर्तीने इतरांचे लाटले असा भास होण्याचा संभव आहे.

न सांगता निघून जाण्याचा दोष शेजाऱ्याच्या माथी मारण्याची रीत सर्वत्र आहे. यजमानाचा निरोप न घेता सटकणे ह्याला इंग्रज फ्रेंच पद्धतीची रजा म्हणतात, आणि फ्रेंच लोक त्याच वर्तनाला ‘इंग्रजी रीतीने सटकणे’ म्हणतात. आपल्या कचेऱ्यांतून ‘फ्रेंच लीव्ह’ विनापरवाना गैरहजेरीच्या अर्थाने रुळली आहे. तिचा अर्थ ह्या सभेला अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

शेवटी मृत्यूविषयीचे वाक्प्रचार. इंग्रजीत बादलीला लाथ मारणे, फ्रेंचमध्ये आपली चिलीम फोडणे. फ्रेंचमध्ये आणखी एक आहे, रानफुलांची रोपे मुळाकडून खाणे. पुस्तकात ह्या सर्वांसमोर ‘मरण पावणे’ एवढाच अर्थ असतो, आणि तो बरोबर असूनही घातक आहे. मराठी मुलाला ‘देवाज्ञा झाली’ आणि ‘गचकला’ ह्यांतील अंतर कोणी शिकविलेले नसते, तरी ते त्याला पक्के ठाऊक असते. घरात कोणी गेले तेव्हा वडीलधारी माणसे कोणता शब्द वापरीत होती ते त्याने ऐकलेले असते. इंग्रजीतील शब्द त्याने कोणाच्याही तोंडून दुःखात ऐकलेला नसतो. म्हणून तो सांत्वनाच्या पत्रात निष्पाप मनाने बादलीला लाथ मारून मोकळा होतो, लोक हसतात, आणि त्यानंतर ते मूल इंग्रजीत पत्र लिहावयास धजत नाही. अर्थासोबत ‘हे कोणाजवळ बोलावे, कोणाजवळ बोलू नये’ एवढी एक ओळ शिक्षकाने वहीत लिहून दिली असती तर हा प्रसंग टळला असता. दोन रकान्यांच्या शेजारी तिसरा रकाना आखावयाचा झाल्यास तो ह्याच कामासाठी आखावा.

लहान वर्गांसाठी आरंभ कशाने करावा, असा प्रश्न येईल. ‘कधीच नाही’ ह्या अर्थाच्या वाक्प्रचारांनी करावा. इंग्रज म्हणतो, डुकरे उडतील तेव्हा. फ्रेंच शेतकरी म्हणतो, कोंबड्यांना दात येतील तेव्हा. खेड्यातील मुलाने कोंबडीची चोच जवळून पाहिलेली असते. त्याला अर्थ सांगावा लागत नाही. चित्र काढून घ्यावे, अर्थ त्यांच्याकडूनच येऊ द्यावा, आणि मग प्रत्येकाला आपल्या गावातील एखादी कधीही न घडणारी गोष्ट सांगावयास लावावे. ती ज्या बोलीत सांगितली जाईल त्याच बोलीत प्रथम वहीत उतरू द्यावी. इंग्रजी वाक्य दुसऱ्या दिवशी घेतले तरी चालते.