चिया खा, पण भिजवून!



सकाळी भेटल्यावर दहा मिनिटांतच आपल्या गप्पा शुगर, बीपी आणि गुडघ्यांवर आल्या. म्हणून मला दिलेल्या पाच मिनिटांत माझी एक फजिती सांगते.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, दिवसाचे दहा तास खुर्चीत. दोन वर्षांपूर्वी तपासणीत साखर काठावर निघाली. कुणीतरी चिया सुचवला. मी चमचाभर कोरड्या बिया तोंडात टाकल्या आणि वर घोटभर पाणी प्यायले. बिया घशाखाली अडकल्या, पाणीही उतरेना! वीस मिनिटं नुसती घाबरून बसले होते. नशिबाने मोकळं झालं. पुढे वाचनात आलं, की २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असाच एक रुग्ण परिषदेत मांडला होता. त्याच्या अन्ननलिकेतला गोळा दुर्बिणीने पोटात ढकलावा लागला.

कारण साधं आहे. या बिया आपल्या वजनाच्या सुमारे दहापट पाणी शोषून बुळबुळीत होतात. हे फुगणं घशात नको, पेल्यात होऊ दे.

तर प्रयोगवहीतल्यासारखी कृती सांगते. एक मोठा चमचा चिया, एक पेला पाणी. ढवळा, पाच मिनिटांनी पुन्हा ढवळा, नाहीतर गुठळ्या होतात. अर्धा तास ठेवा. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालतं. मग जिरेपूड घातलेल्या ताकात, दह्यात किंवा नाचणीच्या आंबिलात मिसळा. गोड सरबतात घातलात, तर मुसळ केरात! सुरुवात लहान चमच्याने करा आणि दिवसभर पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट गच्च होतं. गिळायला त्रास असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दोन मोठ्या चमच्यांत, म्हणजे साधारण २५ ग्रॅममध्ये, आठ-नऊ ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळतात. हा फायदा खरा, पण चिया म्हणजे जादू नव्हे. माझी साखर आता आटोक्यात आहे, त्यात रोजच्या चालण्याचा आणि कमी केलेल्या भाताचा वाटा मोठा आहे.

आणि चिया महाग वाटला, तर आपलं जवस आहेच. ज्या ओमेगा-३ साठी चियाचं कौतुक होतं, ते जवसात वजनाला थोडं जास्तच असतं. फक्त ते भाजून कुटायला हवं, अख्खं तसंच बाहेर पडतं. माझ्या डब्यातली आईची जवसाची चटणी तुम्ही मधल्या सुट्टीत फस्त करायचात, आठवतं? तीच चटणी आज जेवणात ठेवली आहे. या वेळी मलाही थोडी उरू द्या.