ऐकू येणं आणि ऐकणं

घाटात मोबाइलची रेंज जायला लागली की आपण ओरडतो, ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ आणि घरात मुलगा टीव्हीत डोकं घालून बसला असला की दरडावतो, ‘अरे, ऐकतोयस ना?’ या दोन प्रश्नांत कुणाचीच गल्लत होत नाही. शाळेची पायरी न चढलेल्या आजीचीही नाही. इंग्रजीतल्या ‘हियर’ आणि ‘लिसन’ या क्रियापदांमधला फरक बराचसा हाच आहे. तरीही इंग्रजी बोलताना आपण अडखळतो, कारण शाळेच्या वहीत दोन्ही शब्दांपुढे एकच अर्थ लिहून घेतलेला असतो: ऐकणे.

मराठी वाक्याची ठेवण जरा नीट पाहा. ‘मला ऐकू येतं’ या वाक्यात मी काहीच करत नाही. आवाज आपणहून येतो, माझी इच्छा असो वा नसो. शेजारच्यांचं भांडण ऐकू येतं. पण आपण खिडकीशी जाऊन कान टवकारले की मग ते आपण ऐकतो, आणि तसं कुणी म्हटलं तर कबूल करत नाही! पहिलं ‘हियर’, दुसरं ‘लिसन’. दिसणं आणि बघणं ही जोडीही याच जातीची, ‘सी’ आणि ‘लुक’.

आपोआप घडणाऱ्या अशा क्रियेला इंग्रजी सहसा चालू काळात बसवत नाही. आपण ‘ऐकू येतंय’ म्हणतो, त्यातलं ‘येतंय’ डोक्यात असतं आणि तोंडून निघतं, ‘आय अ‍ॅम हियरिंग यू’. तिथे म्हणायचं, ‘आय कॅन हियर यू’. त्यातल्या ‘कॅन’मध्ये क्षमतेची फुशारकी नाही, ‘ऐकू येतंय’ एवढाच त्याचा अर्थ. उलट ‘आय अ‍ॅम लिसनिंग’ बिनदिक्कत म्हणा. समोरचा बोलता बोलता थांबला तर ‘बोला, मी ऐकतोय’ यासाठी तेच चपखल आहे. ऑनलाइन मीटिंगमध्ये आपल्याकडे हटकून ‘अ‍ॅम आय ऑडिबल?’ असं विचारतात. ते चूक नाही, पण मला ते सरकारी पत्रासारखं वाटतं. ‘कॅन यू हियर मी?’ साधं आहे आणि तेच पुरतं.

फरक पक्का करायचा असेल तर दोन परीक्षा शेजारी शेजारी ठेवा. कानाच्या डॉक्टरांकडे तपासणीसाठी शांत खोलीत हेडफोन लावून बसवतात. बारीकशी बीप वाजते. ती जाणवली की बटण दाबायचं किंवा बोट वर करायचं. कुठल्या पट्टीतला आवाज किती डेसिबलला जाणवतो याचा आलेख निघतो. ही ‘हियरिंग’ची तपासणी. परदेशी शिकायला जाणारी मुलं आयईएलटीएस देतात, त्यात ‘लिसनिंग’चा पेपर असतो: चार भाग, 40 प्रश्न, साधारण 30 मिनिटं, आणि ध्वनिमुद्रण एकदाच वाजवतात. कान ठणठणीत असलेल्यांचेही इथे मार्क जातात. खोलीचं भाडं आधी एक सांगितलं आणि लगेच दुरुस्त करून दुसरं सांगितलं, तर आवाज सगळ्यांच्याच कानावर पडतो. दुरुस्ती टिपतो तो लक्ष ठेवून बसलेला.

इथवर मराठी आपल्या बाजूची. पुढे ती थोडा दगा देते. ‘तुमची बदली झाली असं ऐकलं’ हे वाक्य घ्या. आपण ‘ऐकलं’ म्हणतो, पण त्यासाठी कुणी कान लावून बसलेलं नसतं. बातमी नुसती कानावर आलेली असते. म्हणून इंग्रजीत ‘आय हर्ड’ म्हणायचं. ‘आय लिसन्ड दॅट’ अजिबात नाही. आणि उच्चार ‘हर्ड’, ‘हिअर्ड’ नव्हे.

मैफलीचं प्रकरण त्याहून नाजूक. पंडित भीमसेन जोशींनी 1953 साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तिथे त्यांचं गाणं ऐकलेला रसिक इंग्रजीत ‘आय हर्ड भीमसेनजी अ‍ॅट सवाई’ असं सांगेल. आता तो काही मन दुसरीकडे ठेवून बसला नव्हता! पण मैफलीचा पुरा अनुभव पदरात पडला, हे सांगायला इंग्रजी ‘हियर’ घेते. मैफल चालू असतानाचं काही सांगायचं असेल, जसं ‘मी गाणं ऐकत असताना मागे कुणाचा तरी फोन वाजला’, तर तिथे ‘लिसनिंग’ येतं.

कोर्टातली सुनावणीही ‘हियरिंग’च. न्यायाधीश अर्थातच लक्ष देऊन ऐकतात, तरी शब्द ‘हियर’. दुसऱ्या बाजूचंही ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचं जुनं तत्त्व. मराठीतलं हे ‘ऐकून घेणं’ इथे नेमकं लागू पडतं: म्हणणं शेवटपर्यंत पोचू देणं. ‘माझं जरा पुरतं ऐकून घ्या’ यालाही इंग्रजीत ‘हियर मी आउट’ म्हणतात.

याच्या उलट, ‘हा मुलगा माझं ऐकतच नाही’ अशी तक्रार करायची असेल तर ‘लिसन’ हवं: ‘ही डझन्ट लिसन टू मी’. इथे ‘हियर’ घातलंत तर मुलाला कानाच्या डॉक्टरांना दाखवा, असा सल्ला मिळायचा.

त्या वाक्यातला ‘टू’ विसरू नका. ‘लिसन’नंतर कुणाचं किंवा काय ऐकायचं ते येणार असेल, तर मध्ये ‘टू’ लागतोच: ‘लिसन टू द रेडिओ’. ‘हियर’ला तो लागत नाही. आणि ‘लिसन’मधला टी फक्त लिहायचा, बोलायचा नाही. पुढे काहीच येणार नसेल तर नुसतं ‘लिसन’ पुरे, जसं ‘लिसन, उद्या मला जमणार नाही’. तिथे आपण मराठीत काय म्हणतो? ‘हे बघ, उद्या मला जमणार नाही.’ बघायला सांगतो! गंमत म्हणजे तिथे इंग्रजीतही ‘लुक’ चालतं, फक्त त्यात किंचित वैताग डोकावतो. तेव्हा साहेबांशी बोलताना ‘लिसन’ही नको आणि ‘लुक’ही नको, सरळ ‘सर’ म्हणून सुरुवात करा.