अकरावीचा शेवटचा वर्ग

(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



‘आमच्या वेळची शाळा’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा आहे. हा विषय वृद्ध माणसाच्या हाती देणे तसे धोक्याचेच. कारण आपल्या वेळचे तूप, पाऊस आणि शिक्षक हे तिन्ही आजच्याहून सरस होते, असे सिद्ध केल्यावाचून तो खाली बसत नाही. तो मोह आवरून मी केवळ एका वर्गाविषयी बोलणार आहे. १९७५ च्या मार्च महिन्यात जुन्या अभ्यासक्रमाची अकरावीची शालान्त परीक्षा देऊन जो बाहेर पडला, तो हा वर्ग. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमची शाळा होती. वर्गात विद्यार्थी बेचाळीस. त्यांत मुली नऊ.

आजच्या तरुणांस सांगावयास हवे की, अकरावी ही तेव्हा शाळेची अखेरची इयत्ता होती. मुंबई विद्यापीठाने मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ साली घेतली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. पुढे स्वातंत्र्यानंतर ही परीक्षा विद्यापीठाकडून शालान्त परीक्षा मंडळाकडे आली आणि तिचे नाव एस. एस. सी. झाले, तरी लोकांच्या तोंडून ‘मॅट्रिक’ काही गेले नाही. ‘मॅट्रिक नापास’ ही सुद्धा आमच्या भागात एक पदवीच होती व लग्नाच्या बोलणीत ती अभिमानाने सांगितली जाई.

१९७२ च्या जूनपासून आठवीच्या वर्गाला नवी रचना लागू झाली. त्या मुलांची शालान्त परीक्षा दहावीलाच व्हावयाची होती. आम्ही त्याच जूनमध्ये नववीत गेलो होतो, म्हणून जुन्या रचनेत राहिलो. आमच्या पाठचा वर्ग नव्यात गेला. याचा परिणाम काय झाला तो पुढे येईलच.

नववीचे ते वर्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीने लक्षात राहिले आहे. त्या वर्षी पावसाने दगा दिला. विहिरी आटल्या, जनावरे बाजारात मातीमोल विकली गेली आणि रेशनवर तांबडी मिलो आली. तिची भाकरी थापताना तुटे व खाताना घशाखाली उतरत नसे. दिवाळीनंतर आमच्या वर्गातील सहा मुले आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेली. मुख्याध्यापकांनी त्यांची नावे पटावरून काढली नाहीत. वर्गशिक्षकांनी आम्हांस एवढेच सांगितले की, या सहांच्या वह्या कोऱ्या राहता कामा नयेत.

मग जोड्या लागल्या. जो मुलगा कामावर गेला असेल, त्याच्या पटावरील पुढच्या क्रमांकाच्या मुलाने प्रत्येक विषयाची टिपणे दोनदा लिहावयाची व रविवारी ती त्याच्या घरी पोहोचवावयाची. क्रमांक आडनावाच्या अक्षराने लागलेले, त्याला ना घर ठाऊक ना गल्ली. त्यामुळे वाड्यात वाढलेल्या एका मुलाच्या वाट्याला वेशीबाहेरच्या वस्तीतील मुलगा आला. रविवारी वही घेऊन तिकडे जाणे त्याच्या घरी रुचले नाही. आजीने दोन दिवस अबोला धरला. तो मात्र जात राहिला. आणि पुढे उन्हाळ्यात त्या वस्तीतील मुलगा बीजगणित शिकण्यासाठी वाड्याच्या ओसरीवर येऊन बसू लागला, तेव्हा त्याला पाण्याचा तांब्या आजीनेच आणून दिला. ओसरीच्या आत तो कधी गेला का, हे मला सांगता येणार नाही. मी त्या घरचा नव्हे.

सहांपैकी पाच जण दहावीत परत आले. सहाव्याची वही वर्षअखेरपर्यंत लिहिली गेली. ती न्यावयास कोणी आले नाही.

आमच्या वर्गाचा दुसरा उद्योग म्हणजे हस्तलिखित. दर वर्षी एकच प्रत निघे. फुलस्केप कागद, बोरूने काढलेली शीर्षके, जलरंगातील चित्रे आणि वर खाकी कागदाचे वेष्टण, असा तो थाट. नियम एकच व तो कडक होता: प्रत्येकाने निदान एक पान स्वतःच्या हाताने लिहिलेच पाहिजे. अक्षर वाईट ही सबब चालत नसे. त्यामुळे अंकात कवितांच्या शेजारी शेळीच्या रोगांवरचे उपाय असत आणि सहलीच्या वर्णनाखाली गुऱ्हाळाचा हिशेब असे. माझ्या मते ते पानच पुष्कळदा अधिक वाचनीय असे. दहावीत एका मुलीने आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या उतरवून दिल्या. त्याच मे महिन्यात तिचे लग्न झाले व ती अकरावीत आली नाही. नव्या अंकाची जुळणी करताना मुलींनी आग्रह धरला की, तिचे पान राखून ठेवावे. तिला पत्र गेले. तिने सासरहून आंतर्देशीय पत्रावर तिकडच्या पाणवठ्याचे वर्णन लिहून पाठविले. ते पत्रच त्या पानावर चिकटविले.

दसऱ्याचे पाटीपूजन, एकाच्या आकड्यांची काढलेली सरस्वती, स्नेहसंमेलन आणि त्यातील फिशपाँड हे सारे आमच्याकडेही होते; ते आपण सर्वांनी अनुभवले आहे, म्हणून त्यात वेळ घालवीत नाही.

दोन रिवाज मात्र आमच्या वर्गापाशी येऊन अडले. पहिला पुस्तकांचा. वरच्या वर्गाने आपली पुस्तके खालच्या वर्गास अर्ध्या किमतीत द्यावयाची, हा शाळेचा जुना प्रघात. यशवंतराव चव्हाणांच्या कारकीर्दीत बाराशे रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली होती, परंतु पुस्तके विकतच घ्यावी लागत. त्यामुळे या प्रघातावर अनेकांचे शिक्षण उभे होते. आमच्यामागे अकरावीला बसणारा वर्गच शाळेत उरला नव्हता. आमची पुस्तके घेणार कोण?

दुसरा रिवाज निरोपाचा. दहावीने अकरावीला निरोप द्यावयाचा, हा नियम. परंतु १९७५ साली दहावीही आमच्याबरोबरच परीक्षेस बसून बाहेर पडत होती. नववीवर दोन वर्गांच्या चिवड्या-पेढ्यांचा भार टाकणे बरे दिसेना. बराच खल होऊन असे ठरले की, दोन्ही वर्गांनी एकमेकांस निरोप द्यावा. एक दिवस त्यांनी आम्हांस दिला, दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांस. भाषणे दोन्ही दिवशी तीच झाली. त्यांतील एकाने विचारले, “तुम्ही अकरावी होऊन चाललात आणि आम्ही दहावी होऊन पुन्हा अकरावीतच जाणार, मग मॅट्रिक कोण?” याला शिक्षकांनाही उत्तर देता आले नाही.

पुस्तके शेवटी रद्दीत गेली. त्यांचे एकोणतीस रुपये आले. ते वाटून घेण्याऐवजी आम्ही डाकघरातील बचत खात्यात ठेवले व पुढे नोकऱ्या लागल्यावर ज्याने त्याने त्यात भर घातली. खेड्यावरून येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांची पुस्तके दर वर्षी त्यातून घेतली जातात. २०२५ साली परीक्षेला पन्नास वर्षे झाली, तेव्हा आम्ही जमलो होतो. बेचाळिसांपैकी तेवीस जण आले. ओव्या लिहिणारी ती भगिनी नातीला घेऊन आली आणि तिने आपले पान मागून घेऊन वाचले.

हे भाषण आपल्या स्मरणिकेत छापले जाणार आहे, असे चिटणीस म्हणाले. त्या बेचाळिसांत आपल्या ज्ञातीचे आम्ही तिघेच होतो. उरलेल्या एकोणचाळिसांचा उल्लेख या पानांत येण्याचा एरव्ही संभव नाही. म्हणून तिघांविषयी न बोलता मी सर्वांविषयी बोललो. कार्यकारी मंडळ ते छापील, अशी आशा आहे.

जूनमध्ये शाळेकडून पुस्तकांची यादी येते. ती घेऊन पुण्याच्या दुकानात जाण्याची पाळी या वर्षी माझी आहे.