रस्त्यावरची पुसलेली ओळ

वऱ्हाडात रस्त्याची तक्रार म्हटली की ती गड्ड्याची असते. गड्डा दिसतो, त्यात पाणी साचते, गाडी आदळते, कंबर दुखते. त्यामुळे अर्ज, वाचकांची पत्रे, मोर्चे, सगळे गड्ड्यांभोवती फिरते. मला आज एका लहान वाटणाऱ्या तक्रारीबद्दल बोलायचे आहे. चौकातले झेब्रा क्रॉसिंग, सिग्नलजवळची थांबरेषा, गतिरोधकावरचे पट्टे, रस्त्याच्या मधली रेघ. ही सारी हळूहळू पुसली जातात आणि त्यासाठी सहसा कोणी अर्ज करीत नाही.

रस्ते बांधण्यात आपण मागे नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना यांदरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर अखंड टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आम्हा वऱ्हाडकरांना त्याचा अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण लग्न एका दिवसाचे आणि संसार रोजचा. पट्ट्यांची देखभाल हे संसारातले काम आहे, त्याची वरात निघत नाही.

हा पट्टा म्हणजे नुसता रंग नव्हे. थर्मोप्लास्टिकचे मिश्रण दोनशे अंशांच्या आसपास तापवून, वितळवून रस्त्यावर पसरतात. ते गरम असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी पेरतात. रात्री गाडीच्या दिव्याचा उजेड या मण्यांवर पडून चालकाच्या डोळ्यांकडे परत येतो, म्हणून पट्टा चमकतो. चाकांखाली मणी निघून गेले, वर धूळ बसली, की तोच पट्टा दिवसा दिसतो आणि रात्री हरवतो. पाहणी मात्र दिवसा होते. पाहणाऱ्याला पट्टा दिसतो, कागदावर ‘पट्टे आहेत’ असा शेरा पडतो आणि तक्रार निकाली निघते.

आमच्या मोहल्ल्याजवळच्या शाळेसमोरचे पट्टे पाइपलाइनच्या खोदकामात गेले. खड्डा बुजला, वर डांबर आले, पट्टे काही आले नाहीत. मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथले बाबू म्हणाले, “शायरसाहेब, पट्ट्यासाठी कोनी अर्ज करते काय जी? आधी गड्डे तं बुजू द्या.” मग म्हणाले, हा रस्ता आमच्याकडे येतच नाही. त्यांनी सांगितलेल्या दुसऱ्या कार्यालयाने तिसऱ्याचे नाव सांगितले. तिन्ही ठिकाणी चहा मिळाला, अर्जाची पोच कुठेच मिळाली नाही.

इकडे शाळा सुटली की पोरे एकमेकांचे हात धरून, साखळी करून रस्ता ओलांडत होती. नातवाला आणायला जाणाऱ्या शेजारच्या खालांना कमी दिसते. त्या म्हणायच्या, “बेटा, लकीर दिखे तो पाँव रखूँ.” धडधाकट माणूस कुठूनही पळत पलीकडे जातो. ज्याला पळता येत नाही, त्याला ही ओळ लागते.

पुढचा अर्ज मी एकट्याने केला नाही. मुख्याध्यापक, पालक, ऑटोवाले, समोरचे औषध दुकानदार, सर्वांच्या सह्या घेतल्या. रात्री काढलेला फोटो जोडला. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. रस्ता नेमका कोणत्या खात्याचा, याचे उत्तर लेखी मागितले. ते हाती आल्यावर टोलवाटोलवी थांबली. दिवाळीनंतर पट्टे आले.

कायदा याबाबत मुका नाही. रस्त्यावरच्या पट्ट्यांची मानके इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिली आहेत, २०१५ मध्ये ती सुधारण्यात आली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. मानकांप्रमाणे देखभाल न केल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणी अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम अपघातानंतर कामी येते. आपला अर्ज अपघाताच्या आधी जातो, म्हणून त्याचे मोल जास्त.

अर्जाने काय होते, असे विचारणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. २०१३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरील खड्ड्यांबद्दल न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले. त्यातून जनहित याचिका उभी राहिली. चांगले रस्ते मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आणि तक्रारींसाठी व्यवस्था उभारण्याचे आदेश दिले. सुरुवात एका पत्रानेच झाली होती.

अमरावती आणि अकोला, दोन्ही महापालिकांच्या सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडले. जवळजवळ चार वर्षे दारावर जाऊन हाक मारावी असा नगरसेवक नव्हता. आता आहे. नळ, नाली आणि दिव्याच्या यादीत पट्ट्याचेही नाव जाऊ द्या.

अर्जात चौक कोणता, बाजू कोणती, हे नेमके लिहा. पट्टा कधी दिसत नाही, रात्री की पावसात, तेही लिहा. तिथून कोण ये-जा करते, शाळेतली मुले की दवाखान्यातले रुग्ण, हे नमूद करा. उत्तर आले नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यासाठी पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. हे पट्टे शेवटचे कधी मारले आणि कंत्राटदाराची जबाबदारी किती काळाची, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. त्याचे उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

ओल्या रस्त्यावर पट्टे धरत नाहीत. पावसाळा उघडला की हे काम करता येते. त्या वेळी आपल्या शाळेसमोरचा रस्ता यादीत असावा असे वाटत असेल, तर अर्ज पावसाच्या आधीच गेला पाहिजे. आज रात्री जेवण झाल्यावर चौकापर्यंत एक चक्कर मारा आणि पट्टे दिसतात का, तेवढे पाहून या.