भिंतीवरचे राजकारण : पुण्याची चित्रशाळा आणि कलकत्त्याचा आर्ट स्टुडिओ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यू टाउन येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी चित्रकलेचा जाणकार नव्हे. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो आणि पुढील तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायली उपसण्यात गेली. तेव्हा चित्रांविषयी बोलण्याचे धाडस मी का करीत आहे, याचा खुलासा प्रथम करणे उचित होय.

आमच्या गावच्या घरी माजघरात दोन तसबिरी होत्या. एक रामपंचायतनाची, दुसरी नाना फडणिसांची. आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. वडील सांगत, की प्रांतसाहेबांचा मुक्काम गावात पडला म्हणजे आजी नानांची तसबीर उतरवून कणगीमागे ठेवी. राम मात्र जागचा हलत नसे. १८०० साली निवर्तलेल्या एका कारभाऱ्याच्या चित्रात लपविण्याजोगे काय होते, हे मला लहानपणी कधीच उमगले नाही. गेल्या वर्षी ते घर मोडले आणि दोन्ही तसबिरी माझ्या येथील सदनिकेत आल्या. (येथील काँक्रीटच्या भिंतीत खिळा शिरत नाही, त्यासाठी यंत्र आणावे लागले, हे ज्यांनी घर लावले आहे त्यांना सांगावयास नकोच.) दोन्ही चित्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत 'चित्रशाळा, पुणे' असे छापलेले आहे. ते पाहून आमचे बंगाली शेजारी म्हणाले, की त्यांच्या बऊबाजारच्या जुन्या घरात अशीच एक काली आहे आणि तिच्याखाली 'कॅलकटा आर्ट स्टुडिओ' असे लिहिले आहे. मी शोध घेऊ लागलो, तेव्हा कळले की या दोन्ही संस्था एकाच वर्षी, १८७८ साली, निघाल्या.

छापील चित्राने राजकारण करणे ही काही आपली कल्पना नव्हे. येथून हुगळीच्या काठाने वर गेले, की चुंचुडा लागते. १८२५ पर्यंत ती डचांची वखार होती. त्या डचांच्या मायदेशी सतराव्या शतकातच हा धंदा भरभराटीस आला होता. १६७२ साली फ्रान्सने हॉलंडवर स्वारी केली, त्याच वर्षी हेग शहरात जमावाने द विट बंधूंची हत्या केली, आणि रोमेन द होख या चित्रकाराने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली त्या काळची चित्रे घरोघर गेली. फ्रेंच सैन्याचे अत्याचार तर त्याने असे रेखाटले, की वाचता न येणाऱ्यासही ते समजावेत. परंतु डच चित्रकार शत्रूचे नाव घेऊन बोलू शकत होता. आपल्याकडे शत्रूच राज्यावर बसलेला होता.

आणि १८७८ हे वर्ष पाहा. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा केला. कलकत्त्याची 'अमृत बाजार पत्रिका' त्यातून सुटण्यासाठी एका रात्रीत इंग्रजी झाली. चित्राला मात्र भाषाच नव्हती! विष्णुशास्त्री चिपळूणकर तेव्हा सरकारी शाळेत शिक्षक होते. राजीनामा त्यांनी पुढे १८७९ साली दिला. म्हणजे 'निबंधमाला' लिहिणारा हा गृहस्थ सरकारचा पगार घेत असतानाच चित्रांच्या छापखान्यात भागीदार झाला. सरकारी नोकर या नात्याने मला या गोष्टीचे कौतुकही वाटते आणि थोडी धडकीही भरते. पुढे वासुकाका जोशी यांनी चित्रशाळा दीर्घकाळ चालविली. रामपंचायतनाबरोबरच शिवछत्रपती, समर्थ, नाना फडणीस यांच्या तसबिरी तेथून निघाल्या. देवाच्या रांगेत इतिहासपुरुष बसविला, की त्यालाही आपोआप हात जोडले जातात. आजी तसबीर का लपवीत होती, ते मला आता कळते. नाना म्हणजे ज्यांचे राज्य गेले त्यांचा मुत्सद्दी. बाकीचे वाक्य पाहणारा मनातल्या मनात पुरे करीत असे.

कलकत्त्यात सरकारी कलाशाळेतील अन्नदाप्रसाद बागची यांनी आपल्या शिष्यांसह बऊबाजारात स्टुडिओ काढला. शिळाछापाचे काम मोठे चिकाटीचे. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र उलटे काढावयाचे, दगड ओला करावयाचा; पाणी आणि तेल यांचे वैर, म्हणून शाई रेघेलाच धरते. रंगीत छपाईत रंगागणिक वेगळा दगड लागतो, आणि एक दगड केसभर सरकला तर देवाचे ओठ गालावर जातात. इतकी मेहनत करून चित्र बाजारात आणावे, तर परदेशी छापखान्यांनी त्याची नक्कल करून स्वस्तात विकावी, असा अनुभव या मंडळींना आला. राजा रविवर्म्यानेही १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तो जर्मन यंत्रे आणि जर्मन कारागीर आणून. (तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. चित्रपट काढण्यापूर्वी दादासाहेब फाळके तेथे काम करीत.)

१९०५ साली कर्झनने बंगालची फाळणी केली आणि पुणे व कलकत्ता एका सुरात बोलू लागले. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी कर्झन दिसला. इकडे स्वदेशी सिगारेटच्या जाहिरातीवर काली अवतरली, आणि तिच्या गळ्यातील मुंडकी गोऱ्यांची तर नव्हेत ना, असा संशय सरकारदरबारी घेतला गेला. १९१० साली सर हर्बर्ट रिस्ले यांनी मांडलेला नवा वृत्तपत्र कायदा आला. त्यातील 'दस्तऐवज' या शब्दाची व्याख्या मी धंद्याच्या सवयीने मुळातून वाचली. तीत रंगचित्र, रेखाचित्र, छायाचित्र आणि डोळ्यांना दिसणारी अन्य कोणतीही प्रतिकृती अंतर्भूत आहे. चित्र बोलते, हे कायद्याच्या भाषेत उतरावयास बत्तीस वर्षे लागली. 'कीचकवधा'वर बंदी आली ती त्याच वर्षी.

या हत्याराला दुसरी धारही होती, हे झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोरक्षणाच्या चळवळीत, अंगी सर्व देव सामावलेल्या गाईचे चित्र गावोगाव फिरले. तिच्यावर तलवार उगारून धावणारा राक्षस म्हणजे कलियुग, असे चित्र काढणारा म्हणे. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना तो शेजारचा मुसलमान वाटला. १८९३ साली उत्तर हिंदुस्थानात व मुंबईत दंगे झाले, त्या काळातली ही गोष्ट. मनातले वाक्य पाहणाऱ्याने पुरे करावयाचे म्हटले, म्हणजे ते कसे पुरे होईल हे चित्रकाराच्या हाती राहत नाही. चित्रशाळेचे कौतुक करताना मी हे विसरू शकत नाही.

आता एक विनंती करून थांबतो. आपल्यापैकी कित्येकांची गावाकडची घरे मोडत आहेत, आणि फुटक्या काचेची तसबीर म्हणून बरेच काही रद्दीत जात आहे. टाकण्यापूर्वी कृपा करून चौकट उघडा आणि कागदाची खालची कड वाचा. चित्रशाळेचे नाव आढळले तर मला अवश्य कळवा. आमच्या रामपंचायतनाची काच बदलावयाची आहे, त्यासाठी येत्या रविवारी मी शेजाऱ्यांबरोबर बऊबाजारात जाणार आहे. त्यांची कालीही त्याच दुकानात द्यावयाची ठरली आहे.