थंडीत पहाटे उठावे कसे?



आपल्या शहापूर-मुरबाडकडे भात निघाल्यावर लावलेली भेंडी जानेवारीत तोडणीला येते, अन् नेमकी तेव्हाच गोधडी सुटत नाही. हा निव्वळ आळस नव्हे. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो खरा, पण सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी लांबतो, सव्वासातच्या सुमारास होतो. डोळ्यांवर उजेड पडल्याशिवाय शरीराला सकाळ नीट कळत नाही. म्हणून रात्री लवकर निजा, उठल्याबरोबर दिवा लावा, उजाडताच अंगणात या. उबेसाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र ठेवू नका; तिचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

भेंडीचा तोडा एक दिवसाआड कराच. तोडा चुकला की भेंडी जून होते, भाव पडतो. सूर्य उशिरा आला तरी भेंडी थांबत नाही!