उत्तरं नकोत, ताळा विचारा

(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीनं मला एसएटीच्या गणितावर बोलायला सांगितलंय. मी काही शिक्षक नाही. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनियरिंगचं, पोटापाण्याला आयटी कन्सल्टिंग, आणि रविवारी मराठी शाळा सुटल्यावर हायस्कूलच्या मुलांची गणितं घेतो, एवढीच माझी पात्रता. परीक्षेच्या तयारीवर पुस्तकं ढिगानं मिळतात. म्हणून मी आज बोलणार आहे ते पेपर संपल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाबद्दल.

मार्चमधल्या एका शनिवारी परीक्षेहून तीन मुलांना घरी सोडायची पाळी माझी होती. गाडीचं दार लागायच्या आत जुळवाजुळव सुरू! "शेवटच्याचं काय आलं?" "मला तो प्रश्नच नव्हता." मग मुख्य प्रश्न आला, "तुला दुसरं मॉड्यूल हार्ड आलं का?" दोघं म्हणाले, "हो, भयंकर!" मागे बसलेली मुलगी काहीच बोलली नाही. तिला ते सोपं वाटलं होतं. घरी उतरल्यावर आईनं विचारलं, "कसा गेला पेपर?" तिनं "ठीक" म्हटलं आणि सरळ आत गेली.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्च २०२४ पासून अमेरिकेत एसएटी पूर्णपणे कॉम्प्युटरवर होते. गणिताची दोन मॉड्यूल असतात, प्रत्येकी २२ प्रश्न आणि ३५ मिनिटं. पहिलं कसं सोडवलंत त्यावरून दुसरं कठीण द्यायचं की सोपं, हे ठरतं. सोपं आलं तर गुणांवर मर्यादा येते, हे खरं. पण ते सोपं 'आलं' की तुम्हाला सोपं 'वाटलं', हे गाडीत बसून कळत नाही. शिवाय प्रत्येक मॉड्यूलमधले दोन प्रश्न नुसते चाचणीसाठी असतात, त्यांचे गुण धरतच नाहीत. शेजारी बसलेल्या दोघांचे प्रश्नही सारखे नसतात. प्रश्न बाहेर सांगायला परीक्षेच्या नियमांत मनाई आहे, ते वेगळंच. म्हणजे ज्या गप्पांनी त्या मुलीचा चेहरा उतरला, त्यांत अर्थ फारसा नव्हता.

तो चेहरा मी पूर्वी पाहिला होता. साताऱ्यात, दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत.

बीजगणिताचा पेपर सुटला. केंद्राबाहेरच्या रसवंतीवर आमचा घोळका जमला. प्रत्येकाच्या हातात चुरगळलेली प्रश्नपत्रिका. एक शाब्दिक उदाहरण होतं, आपण सगळ्यांनी कधी ना कधी सोडवलेलं. गाडी ३६० किलोमीटर जाते. वेग ताशी ५ किलोमीटरनं जास्त असता तर एक तास कमी लागला असता. तर मूळ वेग किती? माझ्या बाकावरचा मित्र म्हणाला, "चाळीस." मी म्हणालो, "छे! पंचेचाळीस." मी वर्गात पहिला येणारा. त्यामुळे वाद तिथेच मिटला. ज्यांचं चाळीस आलं होतं तेही गप्प झाले. मित्रानं अर्धा ग्लास रस तसाच ठेवला आणि सायकल काढली.

उत्तर चाळीसच होतं. मी वाढलेला वेग क्ष धरला होता आणि शेवटी त्यातून पाच वजा करायला विसरलो. आमच्या सरांच्या भाषेत, मी ताळा केला नव्हता. मुलांनो, ताळा म्हणजे आलेलं उत्तर परत गणितात घालून बघणं. ४० च्या वेगानं ९ तास, ४५ च्या वेगानं ८ तास. फरक बरोबर एक. माझं ४५ घातलं असतं तर ८ तास, आणि ५० नं ७.२ तास. जमतच नाही! अर्ध्या मिनिटाचं काम होतं. ते मी पेपरात केलं नाही आणि रसवंतीवरही केलं नाही.

इथवर गंमत होती. दोन दिवसांनी भूमितीच्या पेपरात माझ्या मित्रानं एका प्रमेयाची सिद्धता लिहिली आणि खोडून टाकली. ती बरोबर होती. जूनमध्ये निकाल लागल्यावर मी विचारलं, "खोडलंस का रे?" तो म्हणाला, "मला वाटलं, तुझं काहीतरी वेगळं असेल."

मंडळी, हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

आता याच परीक्षेची दुसरी बाजू. मे १९८२ च्या एसएटीत एक प्रश्न होता. मोठ्या वर्तुळाभोवती लहान वर्तुळ घरंगळतंय, त्याची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश. एक फेरी पूर्ण होईतो ते स्वतःभोवती किती वेळा फिरेल? परीक्षकांच्या मते तीन. खरं उत्तर चार, आणि ते पर्यायांत नव्हतंच! खिशातले दोन क्वार्टर काढा. एक टेबलावर धरून ठेवा, दुसरा त्याच्या कडेनं न घसरू देता फिरवा. एकदा फिरेल असं वाटतं, पण तो दोनदा फिरतो; वाटच गोल असल्यानं एक फेरा जास्त पडतो. सुमारे तीन लाख मुलांनी ती परीक्षा दिली होती. त्यांतल्या तिघांनी पत्र लिहून चूक दाखवून दिली. चूक मान्य झाली आणि तो प्रश्न गुणांतून वगळावा लागला.

त्या दिवशी परीक्षेबाहेर किती जणांनी "तीन ना? हो, तीनच!" म्हणून उत्तरं जुळवली असतील! आमच्या धंद्यात दोन प्रोग्रॅमचं उत्तर सारखं आलं तरी आम्ही खूश होत नाही. दोन्हींत एकच चूक असू शकते. उत्तर जुळलं म्हणजे ते बरोबर आहे असं नाही. नाही जुळलं म्हणजे आपण चुकलो असंही नाही.

म्हणून माझं पालकांना एवढंच सांगणं आहे. मूल गाडीत बसलं की आधी खायला द्या. "किती पडतील?" आणि "बाकीच्यांचं काय आलं?" हे दोन प्रश्न गिळून टाका. आणि मुलांनो, शाळेतल्या सराव पेपरानंतर जरूर बोला, भांडासुद्धा. पण "तुझं काय आलं?" ऐवजी "तू कसं केलंस?" असं विचारा. मोठ्या आवाजाच्या मुलाला म्हणा, "ताळा करून दाखव." मला त्या दिवशी कुणी म्हणालं असतं तर फार बरं झालं असतं.

त्या मुलीचा निकाल काय लागला ते सांगत नाही. तो तिचा आहे. पुढच्या रविवारी मी वर्गात पंचेचाळीसची गोष्ट मात्र सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "काका, मग तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात का?"

नव्हतो म्हणालो. त्याच रात्री साताऱ्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती, मित्र दुकान उघडत होता. मी बोलायला सुरुवात करतोय तोच म्हणाला, "अरे, ते जाऊ दे. चाळीसच होतं ना? मी तेव्हा घरी जाऊन ताळा केला होता. पण तू एवढ्या जोरात बोललास, की ताळ्यावरसुद्धा विश्वास बसेना."